रोजच्या लिखाणासाठी पहिलं शाईचं पेन: कोकणात घेताना काय बघावं

पहिलं शाईचं पेन घ्यायचं असेल तर प्लास्टिकच्या अंगाचं, ‘एफ’ म्हणजे बारीक निबेचं, घट्ट टोपणाचं आणि कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) व कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी नळी) दोन्ही चालतील असं घ्या. पाचशे रुपयांच्या आत ते मिळतं. घाईत असाल तर एवढ्यावर दुकानात जायला हरकत नाही. पण किनाऱ्यालगत राहून रोज लिहायचं असेल, कॉलेजच्या वह्या असोत की पतपेढीची खतावणी, तर या प्रत्येक अटीमागचं कारण माहीत असलेलं बरं. देशावर बिनतक्रार चालणारं पेन इथे पावसाळ्यात छळतं, मग त्याला नावं ठेवली जातात आणि ते खणात पडून राहतं.

जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीगच्च असते आणि कागद ती ओल धरतो. ओल धरलेल्या कागदाचे तंतू शाई आजूबाजूला ओढून घेतात, त्यामुळे अक्षराच्या कडा फुटतात आणि शाई मागच्या पानावर उमटते. वाळायलाही वेळ लागतो, म्हणजे पान उलटलं की समोरच्या पानावर डाग. एप्रिल-मेमध्ये तऱ्हा वेगळी. हात घामेजलेला, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि दोन मिनिटं उघडं राहिलेलं पेन टेकवलं तर पहिलं अक्षर उठतच नाही. तेव्हा कोकणातल्या पेनाकडून दोन गोष्टी हव्यात: शाई कमी सोडावी, आणि कागदाला टेकताक्षणी सोडावी. पुढचं सगळं त्यासाठीच.

निब

निबेच्या टोकाशी कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो, त्याच्या आकारावर रेघेची जाडी ठरते. ईएफ (अतिबारीक), एफ (बारीक), एम (मध्यम), बी (जाड) असा चढता क्रम. युरोपी किंवा भारतीय ‘एफ’ साधारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढते, जपानी ‘एफ’ त्याहून बारीक, ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास. परदेशी सल्ला वाचून लोक ‘एम’ घेतात. इंग्रजीला ती चालतेही, पण देवनागरीला नाही. ‘ध’ आणि ‘भ’ची गाठ, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ हे ‘एम’ने लिहा आणि आतल्या मोकळ्या जागा बुजतात का पाहा. शिवाय आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. एकेरी रेघांच्या वहीत जाड निबेने लिहिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. आपण शब्दातली अक्षरं आधी काढतो आणि मग वरून रेघ मारतो. म्हणजे अक्षरांचे माथे ओले असतानाच निब त्यांच्यावरून सरकते. भरपूर शाई सोडणाऱ्या निबेने तिथे हमखास घोळ होतो, ‘भ’चा ‘म’ वाटू लागतो आणि अनुस्वार रेघेत विरघळतो. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर रेघा आखून घेत आणि त्यांखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जात. बाळबोध लिहिताना मात्र हात पदोपदी उचलावा लागतो, एका ओळीत कितीतरी वेळा. दर वेळी निब टेकवल्यावर शाई लगेच आली पाहिजे. टेकवल्यावर अर्धी काडी कोरी जात असेल तर असं पेन इंग्रजी अक्षरं जोडून सलग लिहिणाऱ्याला खपेल, आपल्याला नाही.

मग ‘ईएफ’ का नको? कारण स्थानिक वह्यांचा कागद खरखरीत असतो. अतिबारीक टोक त्याचे तंतू उपटतं, ते निबेच्या चिरेत अडकतात आणि रेघ केसाळ येते. ‘एफ’वर राहा. कापीव टोकाच्या सुलेखनाच्या निबा आणि लवचिक निबा हौसेच्या, रोजच्या कामाच्या नव्हेत.

सोन्याच्या निबेचा मोह नको. टिकण्याच्या बाबतीत स्टेनलेस स्टीलची निब कुठेही कमी नाही, कारण कागदावर घासला जातो तो टोकाचा मणी, आणि तो दोन्हींत त्याच जातीच्या कठीण मिश्रधातूचा असतो. स्टीलवरचा सोनेरी मुलामा मात्र खाऱ्या हवेत आणि शाईत लवकर उडतो. साधी चंदेरी निब घ्या.

टोपण आणि अंग

पेन टिकतं की नाही हे निम्मं टोपणावर ठरतं, आणि दुकानात त्याकडे कोणी बघत नाही. आट्यांचं टोपण दप्तरात किंवा शर्टाच्या खिशात आपोआप निघत नाही. दाबून बसणारं टोपण एका हाताने उघडतं, पण ओढताना आत पोकळी होते आणि निबेतून शाई टोपणात खेचली जाते. तसं पेन घेतलंत तर टोपण झटक्यात न ओढता किंचित फिरवत काढा. टोपणाच्या आत निबेभोवती बसणारी दुसरी लहान वाटी असते, ती आहे का ते आत डोकावून बघा. ती असेल तर टोपणाच्या शेंड्याला मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेलं भोक दोष धरू नये.

घरी एक परीक्षा करता येते. रिकामं टोपण उपडं धरून पेल्यातल्या पाण्यात सरळ खाली दाबा. क्लिपच्या मुळाशी बुडबुडे आले तर तिथून हवा जाते, आणि आतली वाटी नसेल तर असं पेन चार दिवसांत सुकणार.

अंग प्लास्टिकचं किंवा एबोनाइटचं असावं. पितळी अंगाची, वार्निश केलेली पेनं दिसतात रुबाबदार, पण वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर जातं आणि घामाने बोटं सरकतात. जिथे बोटं धरतात तिथे चकचकीत धातू असेल तर ते पेन बाजूलाच ठेवा. शाई आणि खारा घाम मिळून त्या मुलाम्याला खड्डे पाडतात. पंधरा ते वीस ग्रॅमचं पेन तीन तासांच्या पेपरालाही हाताला जड होत नाही. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हाताला गरम-मऊ लागतं आणि आपल्याकडच्या कारागिरांच्या पेनांत अजून वापरतात. ते उन्हात आणि ओलीत ठेवलं तर तपकिरी-हिरवट पडतं, एवढंच.

शाई भरायची पद्धत

हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण गळतीच्या बहुतेक तक्रारी इथून येतात.

ड्रॉपरचं पेन म्हणजे पेनाच्या नळीतच थेट शाई ओतायची. दोन ते चार मिली शाई मावते आणि आत खराब होणारं काही नसतं. कन्व्हर्टर म्हणजे आत बसवलेली दट्ट्याची छोटी नळी, अर्धा ते एक मिली शाईची. निब दौतीत बुडवून मागची कळ फिरवली की भरतो. कार्ट्रिज म्हणजे भरलेली बंद नळी, संपली की फेकायची. कन्व्हर्टरमध्ये ०.८ मिली शाई मावते असं धरलं तर ६० मिलीच्या दौतीत पेन ७५ वेळा भरतं. रोज लिहिणाऱ्याला कार्ट्रिज महागात पडते, प्रवासापुरती ठीक. तिचंच रिकामं नळकांडं इंजेक्शनच्या सिरिंजने पुन्हा भरता येतं. प्लास्टिक सैल होईपर्यंत तसं पाच-सहा वेळा सहज चालतं.

ड्रॉपरची अडचण शाई संपत आल्यावर सुरू होते. नळीत शाईची जागा हवा घेते, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. तापमान १० अंशांनी वाढलं तर हवा सुमारे सव्वातीन टक्के फुगते. घाट चढताना हेच जास्त जोरात होतं. सावंतवाडीहून आंबोलीला गेलात तर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर वर पोचता, आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी असतो. पेनात २ मिली हवा असेल तर ती सुमारे ०.१७ मिलीने वाढते. शाईचा थेंब ०.०५ मिलीचा धरला तर हे तीन-साडेतीन थेंब झाले, आणि ते खिशातच उतरणार. कन्व्हर्टर निम्मा भरलेला असेल तर त्यात हवाच मुळी अर्ध्या मिलीच्या आत असल्याने एक थेंबही पुरता बाहेर येत नाही. निबेखालच्या जिभेला ज्या बारीक खाचा असतात, त्या तेवढी शाई धरून ठेवतात. पहिलं पेन कन्व्हर्टरचं घ्या असं म्हणण्याचं कारण हेच.

ड्रॉपरचं घेतलंच असेल, आणि दिवसभर एका टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला ते खरंच सोयीचं आहे, तर शाई एक तृतीयांशावर आली की भरा. आंबा, कुंभार्ली, आंबोली कुठलाही घाट चढायचा असेल तर पेन काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, आणि निब वर करून ठेवा. नळीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते पातळ होऊन जिभेत उतरतं आणि मग शाई धरतच नाही. व्हॅसलीनही नको, रबराचं वायसर असेल तर ते त्याने फुगतं.

रबरी पिशवी दाबून भरायची जुन्या धाटणीची पेनंही मिळतात. साध्या रबराची पिशवी आपल्या हवेत काही वर्षांत चिकट होते किंवा कडक होऊन फुटते. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी असेल तरच विचार करा.

दुकानातली पेनं

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग इथल्या चांगल्या स्टेशनरीच्या दुकानात पार्कर व्हेक्टर मिळतं. अंगाने सडपातळ, दणकट, कन्व्हर्टर बसणारं, टोपण दाबून बसणारं. निब एफ आहे की एम हे विचारून घ्या, कारण खोक्यावरचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही. प्लॅटिनम प्रेपी हे जपानी पेन ०३ आणि ०५ अशा जाडीत येतं, आणि त्याच्या टोपणात स्प्रिंगवरची आतली वाटी असल्याने महिनोन्महिने पडून राहिलं तरी सुकत नाही. रोज न लिहिणाऱ्याला आम्ही तेच सुचवू. देवनागरीला ०३ सुरेख, खरखरीत वहीवर ०५. त्याला कार्ट्रिज मात्र प्लॅटिनमचीच लागते, आणि प्लास्टिक पातळ असल्याने टोपण जोरात दाबून लावू नये.

चिनी पेनांत जिनहावची स्वस्त आणि बरी असतात, पण एक्स ४५० सारखी धातूची जड आहेत आणि निब ‘एम’. हीरो ६१६ची निब जवळजवळ झाकलेली असल्याने सुकत नाही. त्याच्या नकला मात्र इतक्या आहेत की पेन लिहून बघितल्याशिवाय घेऊ नये. बजेट वाढवता आलं तर कानपूरच्या कानराइटची पेनं बघा. त्यांच्या निबा सुट्या मिळतात आणि घरी बदलता येतात. त्याहून वर लामी सफारी, पहिल्यांदा १९८० साली आलेलं. त्याचं प्लास्टिक चिवट आहे आणि निब सरकवून बदलता येते. बोटांच्या जागेला त्रिकोणी पैलू असल्याने धरण्याची सवय लागते, पण ज्याची धरण्याची तऱ्हा वेगळी आहे त्याला ते पैलू टोचतात. पहिल्या पेनाला एवढे पैसे घालायची गरज नाही.

घेताना स्वतःची वही बरोबर न्या. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर प्रत्येक पेन छान चालतं. आधी निब उजेडाकडे धरा. मधली चीर भोकापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसली पाहिजे, आणि समोरून बघितलं तर दोन्ही पाकळ्या एका पातळीत. एक पाकळी वर असेल तर एका दिशेला लिहिताना खरवडतं. मग दुकानदाराकडे निब शाईत बुडवून बघू देण्याची परवानगी मागा. दाब न देता आडवा आठ काढा, दहा सेंटीमीटरची शिरोरेघ मारा, ‘श्रीकृष्ण’, ‘राष्ट्रध्वज’ लिहा. पेन अर्धा मिनिट उघडं धरून पुन्हा टेकवा. अर्धी काडी कोरी गेली तर दुसरा नग मागा. त्याच कंपनीच्या दोन नगांत फरक असतो, तेव्हा संकोच करू नका. ऑनलाइन मागवलं तर हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपायच्या आत करा.

शाई, कागद

रॉयल ब्लू जातीच्या शाया बहुतेक पाण्याने धुऊन जाणाऱ्या असतात. पेनाला त्या सर्वांत मानवतात, शर्टावरचा डागही निघतो. पण २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तसं पाणी कपाटापर्यंत आलं तर त्या शाईने लिहिलेली वही कोरी होते. हिशेब, फेरफार, पावत्या, जमिनीचे कागद यांसाठी ‘परमनंट’ लिहिलेली निळी-काळी किंवा काळी शाई वापरा, आणि एका कागदावर लिहून, दिवसभर वाळवून, त्यावर पाण्याचा थेंब सोडून किती टिकते ते स्वतः बघा, कारण परमनंट लिहिलेली प्रत्येक शाई जलरोधक नसते. १९३१ पासून शाईच्या धंद्यात असलेल्या कॅम्लिनची दौत गावोगाव मिळते, कोलकात्याची सुलेखा आणि बंगळुरूची ब्रिलही चांगल्या. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई मात्र कधीच भरू नका. तिच्यात लाखेसारखं बंधक द्रव्य असतं, ते जिभेच्या खाचांत वाळलं की पेन गेलंच समजा. दोन शाया एकमेकींत मिसळूही नका, कधीकधी तळाशी गाळ बसतो.

पावसाळ्यात दौतीत बुरशी येते. वर पांढुरका तवंग, कुबट वास. अशी शाई फेकून द्यायची, गाळून वापरायची नाही. पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतू नये, आणि महिन्यापुरती शाई लहान बाटलीत काढून मोठी दौत घट्ट बंद ठेवावी.

वही ७० जीएसएमच्या (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढची मिळाली तर घ्या. पातळ कागदावर एकाच बाजूला लिहिणं शहाणपणाचं. जुलै-ऑगस्टमध्ये कोऱ्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवल्या तर शाई फुटण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. हाताखाली टीपकागद ठेवा. घामाचा आणि तेलाचा डाग पडलेल्या जागी कुठलंही पेन अडखळतं.

पहिल्यांदा भरताना

नव्या पेनाच्या जिभेत कारखान्यातलं तेल असतं. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने ते पाणी सात-आठ वेळा आत-बाहेर करा, मग साध्या पाण्याने तेवढंच. उकळतं पाणी किंवा स्पिरिट नको, प्लास्टिकला तडे जातात. समुद्राजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा द्या. बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही याची खात्री करून घ्या. थेट भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही उत्तम. निब खाली करून पेन पेल्यात टीपकागदावर रात्रभर उभं ठेवा.

भरताना निब पुरती बुडवा, बोटं धरतो त्या जागेच्या कडेपर्यंत. अर्धवट बुडवली तर हवाच भरते. भरून झाल्यावर दोन थेंब दौतीत परत सोडा, निब वर करून दट्ट्या थोडा मागे घ्या आणि जुन्या सुती कापडाने पुसा. नेहमीच्या शाईला महिन्यातून एकदा आणि शाई बदलताना दर वेळी धुवा. आठवडाभराहून जास्त लिहायचं नसेल, गणपतीत किंवा परीक्षा संपल्यावर, तर रिकामं करून, धुऊन ठेवा.

बिघाड

लिहिता लिहिता शाई तुटते आणि निब दौतीत बुडवली की पुन्हा चालते, तर जिभेत अडथळा आहे. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून धुवा. बुडवूनही तुटत असेल तर दोष निबेत किंवा कागदात. कागद बदलून बघा, मग पाकळ्या तपासा. पेन खूप शाई सोडत असेल तर आधी शाई बदला, तीच निब दुसऱ्या शाईत आवरून लिहिते. बोटांना शाई लागत असेल तर गळती जोडातून आहे की टोपणात सांडलेली आहे ते ओळखा: टोपण आतून कोरडं असूनही बोटं रंगत असतील तर जोड.

कोब्यावर किंवा लादीवर निब खाली करून पडलं तर पाकळी वाकते. नखाने सरळ करायच्या फंदात पडू नका, चीर तिरकी झाली की मग निब बदलण्याखेरीज काही उपाय नाही. निब आणि जीभ बहुतेक स्वस्त पेनांत दाबून बसवलेल्या असतात. रबराचा तुकडा गुंडाळून दोन्ही एकत्र धरायच्या आणि न पिळता सरळ ओढायच्या. काढण्याआधी निब किती बाहेर होती त्याची पेन्सिलीने खूण करा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवी निब त्याच मापाची घ्या, जिभेच्या बरोबर मध्यावर बसवा आणि खुणेपर्यंतच दाबा. कमी आत गेली तर टोपण लावताना टोक आतल्या वाटीला लागतं, तसं होत नाही ना तेवढं बघा.